मूत्रपिंडाने सोडलेली वाट

तेरा वर्षांची मुलगी. पाळी सुरू होऊन जेमतेम सहा महिने झालेले. दर महिन्याला ओटीपोटात दुखतं आणि दर महिन्याला मागच्यापेक्षा जास्त दुखतं. घरातल्या बायका म्हणतात, सुरुवातीला असं होतंच, हळूहळू कमी होईल. पाळी वेळेवर येते, रक्तस्रावही इतर मुलींसारखाच होतो, त्यामुळे आत काही बिघडलं असेल अशी शंका कुणालाच येत नाही. मग एखाद्या महिन्यात ती कळवळत शाळेतून घरी येते, लघवीसुद्धा अडते आणि सोनोग्राफी केली जाते. रिपोर्टात एक ओळ असते : उजवं मूत्रपिंड दिसत नाही.

त्या ओळीनं आईवडील हादरतात. अनुभवी डॉक्टरांना मात्र त्याच ओळीत दुखण्याचा पत्ता सापडतो. उजवं मूत्रपिंड नाही, म्हणजे आता गर्भाशयाची उजवी बाजू नीट पाहायला हवी. अशा मुलींमध्ये कधीकधी एकाऐवजी दोन गर्भाशयं असतात, योनिमार्गही मधल्या पडद्यानं दुभागलेला असतो आणि ज्या बाजूला मूत्रपिंड नाही, त्या बाजूचा अर्धा योनिमार्ग खाली बंद असतो. डावीकडचं रक्त बाहेर येतं, म्हणून पाळी व्यवस्थित आहे असं वाटतं. उजवीकडचं रक्त महिनोन्‌महिने आत साठत जातं. पडदा कापून वाट मोकळी केली की दुखणं थांबतं आणि यातल्या बऱ्याच मुली पुढे आईही होतात. मात्र निदानाला उशीर झाला, तर साठलेलं रक्त उलट दिशेनं बीजवाहिनीतून पोटात उतरतं आणि नुकसान करतं.

मूत्रपिंड कमरेच्या वर पाठीशी टेकलेलं, गर्भाशय खाली ओटीपोटात. एकाचं काम रक्त गाळायचं, दुसऱ्याचं गर्भ वाढवायचं. शाळेच्या पुस्तकात उत्सर्जन आणि प्रजनन असे दोन धडे असतात आणि दवाखान्यात दोन वेगवेगळे डॉक्टर. मग एकाच्या नसण्यावरून दुसऱ्यातला दोष कसा ओळखू येतो? याचं कारण गर्भाच्या पहिल्या काही आठवड्यांत आहे, आईला दिवस गेल्याचं नुकतं कुठे कळलेलं असतं, त्या काळात.

चार आठवड्यांचा गर्भ जेमतेम चार-पाच मिलिमीटर लांब असतो. त्याच्या पाठीच्या मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना, मानेपासून शेपटीकडच्या टोकापर्यंत, पेशींची एकेक लांब पट्टी असते. मूत्रपिंडं या पट्टीतून घडतात. वृषण किंवा अंडाशयही याच पट्टीच्या आतल्या कडेवर उगवतात. शुक्रपेशी आणि अंडपेशी ज्यांच्यापासून होणार, त्या मूळ पेशी तेवढ्या बाहेरून, गर्भाला लागून असलेल्या पीतक कोशाच्या भिंतीतून सरपटत येऊन तिथे मुक्काम करतात. बाकी सगळं एकाच मातीतलं. डब्ल्यूटी-१ नावाचं एक जनुक या पट्टीत काम करतं. प्रयोगशाळेत उंदरांमधून ते काढून टाकलं, तेव्हा जन्माआधीच मरण पावलेल्या त्या पिल्लांमध्ये मूत्रपिंडंही नव्हती आणि वृषण किंवा अंडाशयही नव्हते.

आता या कथेतला सगळ्यात विलक्षण भाग. माणसाच्या गर्भात मूत्रपिंड एकदा तयार होत नाही, तीनदा होतं. पहिलं मानेपाशी उमटतं, काहीही काम करत नाही आणि विरून जातं. दुसरं त्याच्या खाली, पाठीच्या मधल्या भागात येतं. ते बऱ्यापैकी मोठं असतं, त्याला नळ्या असतात आणि काही आठवडे ते थोडंफार मूत्र तयारही करतं. हे मूत्र खाली नेण्यासाठी दोन्ही बाजूंना एकेक उभी नळी असते. अठराव्या शतकातल्या कास्पर फ्रीडरिश वोल्फ या जर्मन शास्त्रज्ञानं कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भात ही रचना पाहिली. त्याच्या नावावरून तिला वोल्फची नळी म्हणतात. पाचव्या आठवड्यात याच नळीच्या खालच्या टोकाजवळ एक कोंब फुटतो. तो वर वाढतो आणि शेजारच्या पेशींना जाऊन भिडतो. दोघांच्या देवाणघेवाणीतून तिसरं मूत्रपिंड बनतं. आयुष्यभर आपल्याला पुरतं ते हेच. कोंबाच्या देठाची मूत्रवाहिनी होते.

तिसरं मूत्रपिंड कामाला लागलं की दुसऱ्याची गरज संपते. ते आटू लागतं आणि त्याची नळी मागे उरते. नेमक्या याच वेळी, त्या आटणाऱ्या मूत्रपिंडाला चिकटून वृषण वाढत असतो. त्याला शुक्रपेशी बाहेर पाठवायला वाट हवी असते. तो नवी वाट तयार करत नाही, मूत्रपिंडानं सोडलेली वाट घेतो. दुसऱ्या मूत्रपिंडाच्या काही सूक्ष्म नळ्या वृषणाला जोडल्या जातात आणि शुक्रपेशी बाहेर आणणाऱ्या नलिका बनतात. वोल्फच्या नळीचा वरचा भाग वेटोळी घालत अधिवृषण होतो. माणसात ही नळी उलगडली, तर सुमारे सहा मीटर भरते. खालच्या भागाची शुक्रवाहिनी होते आणि तिच्या टोकाशी वीर्याशयाची पिशवी फुटते. नसबंदीत डॉक्टर जी नस कापून बांधतात, ती एके काळची मूत्राची नळी आहे. आज मात्र तिच्यातून मूत्राचा थेंबही जात नाही, त्यामुळे नसबंदीनंतर लघवीला त्रास होईल ही गावोगावी ऐकू येणारी भीती निराधार आहे.

मुलींमध्ये वोल्फची नळी विरघळते. तिच्या शेजारी समांतर दुसरी एक नळी तयार झालेली असते. योहानेस म्यूलर यांनी १८३०मध्ये तिचं वर्णन केलं, म्हणून ती म्यूलरची नळी. दोन्ही बाजूंच्या म्यूलरच्या नळ्या वर मोकळ्या राहतात, त्या बीजवाहिन्या. खाली त्या एकमेकींना जुळतात आणि त्यांच्यातून गर्भाशय व योनिमार्गाचा वरचा भाग बनतो. सहाव्या-सातव्या आठवड्यापर्यंत प्रत्येक गर्भाकडे दोन्ही जोड्या असतात. कोणती राहणार, कोणती जाणार, हे पुढे ठरतं.

ते कसं ठरतं, हे फ्रान्समधल्या आल्फ्रेड जोस्त यांनी १९४७च्या सुमारास सशांवर दाखवलं. आईच्या पोटातल्या पिल्लांचे वृषण त्यांनी फार लवकरच्या अवस्थेत काढले. इतक्या चिमुकल्या जिवावर शस्त्रक्रिया करून तो आईच्या पोटात जिवंत ठेवायचा, हे त्या काळी केवढं कठीण असेल! ती सगळी पिल्लं, जनुकांनी नर असली तरी, मादीच्या अवयवांसह वाढली. त्यावरून जोस्त यांनी सांगितलं की वृषण दोन वेगळी रसायनं सोडतो. एक म्हणजे टेस्टोस्टेरॉन, ते वोल्फच्या नळीला जगवतं. दुसरं म्यूलरच्या नळीला विरघळवतं. वाय गुणसूत्रावरचं, वृषण घडवायला सुरुवात करून देणारं एसआरवाय हे जनुक १९९०मध्ये सापडलं. विरघळलेल्या नळ्यांच्या खुणा मात्र पुरत्या पुसल्या जात नाहीत. पुरुषाच्या प्रोस्टेट ग्रंथीत एक छोटासा आंधळा कप्पा असतो, तो म्यूलरच्या नळ्यांच्या खालच्या टोकांची खूण. बाईच्या योनिमार्गाच्या भिंतीत कधी पाण्याची गाठ सापडते, ती वोल्फच्या नळीच्या अवशेषातून झालेली असू शकते.

आता त्या तेरा वर्षांच्या मुलीचं कोडं सुटतं. म्यूलरची नळी खाली उतरताना वोल्फच्या नळीचा आधार घेत, तिला चिकटून वाढते. उजवीकडची वोल्फची नळीच नीट घडली नाही, तर दोन गोष्टी एकदम होतात. मूत्रपिंडाचा कोंब फुटत नाही आणि म्यूलरच्या नळीची वाट चुकते. गर्भाशयाची घडण बिघडलेल्या सुमारे तीस टक्के स्त्रियांमध्ये मूत्रपिंडातही काहीतरी दोष सापडतो, त्याचं मूळ इथे आहे. पुरुषांमध्येही हाच न्याय. मूल होत नाही म्हणून तपासायला आलेल्या माणसाची एका बाजूची शुक्रवाहिनी हाताला लागलीच नाही, तर डॉक्टरांनी त्याच्या मूत्रपिंडांची सोनोग्राफी करायला हवी. पुष्कळदा त्या बाजूचं मूत्रपिंड जन्मापासून नसतं आणि त्या माणसाला तोवर त्याचा पत्ताही नसतो. एका मूत्रपिंडावर निरोगी आयुष्य जगता येतं.

साधारण हजारात एक मूल एकच मूत्रपिंड घेऊन जन्मतं. हल्ली पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीत ते जन्माआधीच कळतं. आपल्याकडे गर्भाचं लिंग सांगायला कायद्यानं बंदी आहे आणि ती असायलाच हवी. पण त्यामुळे होतं असं की मूत्रपिंडाची नोंद गरोदरपणाच्या फाईलीत राहते, मुलगी जन्मते, फाईल माळ्यावर जाते आणि बारा वर्षांनी ती कुणाला आठवत नाही. एक मूत्रपिंड असलेल्या मुलीच्या आईवडिलांना बाळंतपणानंतर लगेच सांगितलं पाहिजे : हिचे स्तन वाढू लागले की पाळी येण्याआधी एकदा गर्भाशयाची सोनोग्राफी करून घ्या. त्याला खर्च फार नाही आणि महिनोन्‌महिन्यांचं दुखणं टळतं.

अकरावी-बारावीला ज्यांनी बेडकाचं विच्छेदन केलं, त्यांनी ही जुनी व्यवस्था स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली आहे. नर बेडकाचे पिवळसर वृषण मूत्रपिंडाला लागूनच असतात आणि त्यांच्यापासून निघालेले बारीक धागे सरळ मूत्रपिंडात शिरतात. शुक्रपेशी मूत्रपिंडातून वाट काढत मूत्राच्याच नळीत येतात आणि ती नळी मूत्र व शुक्र दोन्ही वाहते. मादीत मात्र अंडाशयाचा मूत्रपिंडाशी संबंध नाही, तिची अंडनलिका वेगळी. मूत्रपिंडाची वाट नरानं वाटून घेतली आणि मादीनं स्वतःची काढली, ही व्यवस्था माणूस येण्याच्या कित्येक कोटी वर्षं आधीपासूनची आहे. विच्छेदन शिकवताना आम्हाला नावं पाठ करायला लावत, पण हे कुणी सांगत नसे. सांगायला हवं होतं.

गर्भात पुढे आणखी एक अदलाबदल होते. मूत्रपिंड ओटीपोटात घडतं आणि वर चढत कमरेत जातं. वृषण कमरेजवळ, मूत्रपिंडाच्या शेजारी घडतो आणि खाली उतरत जन्माच्या सुमारास अंडकोशात पोहोचतो. तिथलं तापमान शरीरापेक्षा दोन-तीन अंशांनी कमी असतं आणि शुक्रपेशी तयार व्हायला तेच लागतं. उतरताना वृषण आपल्या रक्तवाहिन्या आणि चेता सोबत ओढत नेतो. म्हणून त्याची धमनी आजही मूत्रपिंडाच्या धमनीच्या थोडंसं खाली, मुख्य महाधमनीतून निघते आणि एवढा लांबचा प्रवास करते. डाव्या वृषणाची शीर तर थेट डाव्या मूत्रपिंडाच्या शिरेला जाऊन मिळते. उजवीची तशी नाही.

या शरीररचनेचे दोन परिणाम दवाखान्यात रोज दिसतात. मुतखडा मूत्रवाहिनीत अडकला की कळ कमरेतून सुरू होते आणि पुरुषाच्या वृषणात, बाईच्या जांघेत आणि योनीच्या ओठापर्यंत उतरते. चेता एकाच ठिकाणाहून आलेल्या, त्यामुळे मेंदूला दुखण्याची जागा नीट कळत नाही. उलटही होतं : वृषणाला पीळ पडलेला मुलगा फक्त पोटात दुखतंय म्हणतो, लाजेपोटी खालचं बोलत नाही. पीळ पडल्यापासून सहा तासांच्या आत तो सोडवला तर वृषण बहुधा वाचतो, पुढे आशा झपाट्यानं कमी होते. पोटदुखीनं आलेल्या प्रत्येक मुलाचा अंडकोश तपासावा, असं बालशल्यचिकित्सक बजावतात ते यासाठीच. दुसरा परिणाम डाव्या शिरेचा. वृषणाभोवतीच्या शिरा फुगण्याचा त्रास बहुतेक वेळा डावीकडेच होतो आणि तरुणपणी तो सहसा निरुपद्रवी असतो. पण पन्नाशीच्या माणसाच्या डाव्या बाजूला तो नव्यानं उद्भवला आणि आडवं झाल्यावरही फुगवटा ओसरला नाही, तर मूत्रपिंडात गाठ नाही ना, हे आधी पाहावं लागतं. गाठीनं मूत्रपिंडाची शीर दाबली, की तिला मिळणाऱ्या शिरेत रक्त तुंबतं.

खालच्या टोकाची गोष्टही अशीच सामायिक आहे. सुरुवातीला गर्भाला मल, मूत्र आणि प्रजनन या तिन्हींसाठी एकच पोकळी असते. कोंबडीत ती जन्मभर तशीच राहते : अंडं, विष्ठा, मूत्र सगळं एकाच दारातून. माणसात सातव्या आठवड्यापर्यंत मध्ये पडदा उतरतो आणि मागचा भाग मलाशयाकडे जातो. पुढच्या भागातून मूत्राशय आणि मूत्रमार्ग बनतात, पुरुषात त्यातूनच प्रोस्टेट आणि बाईत योनिमार्गाचा खालचा भाग.

पुरुषात शेवटपर्यंत एकच मार्ग राहतो, सुमारे अठरा ते वीस सेंटीमीटरचा. तो मूत्राशयातून निघून प्रोस्टेटच्या मधून जातो आणि तिथेच वीर्याच्या नळ्या त्याला मिळतात. मूत्र आम्लधर्मी असतं आणि शुक्रपेशींना ते मानवत नाही. म्हणून वीर्य येण्याआधी लहान ग्रंथींतून निघणारा चिकट स्राव मार्ग धुऊन घेतो आणि वीर्य बाहेर पडताना मूत्राशयाचं तोंड घट्ट आवळलं जातं. मधुमेहानं चेता दुबळ्या झाल्या, प्रोस्टेटची शस्त्रक्रिया झाली किंवा प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिनसारखं औषध चालू असलं, तर हे तोंड नीट आवळत नाही आणि वीर्य मागे मूत्राशयात जाऊ शकतं. त्यानं प्रकृतीला अपाय होत नाही. पण तरुण मधुमेही माणसाला मूल हवं असेल, तर अडचण येते. त्यावरचा उपाय मला फार आवडतो. त्याला आधी खायचा सोडा पाण्यातून देऊन मूत्राची आम्लता कमी करतात. नंतर लघवी गोळा करतात, यंत्रात फिरवून तळाशी बसलेल्या शुक्रपेशी वेगळ्या काढतात, धुतात आणि पत्नीच्या गर्भाशयात सोडतात.

लघवीतून धातू जातो या समजानं मात्र आपल्या देशात कित्येक पिढ्यांतल्या तरुणांची झोप उडवली आहे. लघवी गढूळ दिसली, शेवटी पांढरट काही आलं, की अशक्तपणा, पाठदुखी, सगळं त्याच्या माथी मारायचं. १९६०मध्ये मानसोपचारतज्ज्ञ नरेंद्रनाथ विग यांनी या अवस्थेला वैद्यकीय नाव दिलं. गढूळपणा बहुधा फॉस्फेटच्या क्षारांचा असतो. चार शुक्रपेशी लघवीत आल्या तरी शरीराचं काहीही कमी होत नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७पासून 'समाजस्वास्थ्य' मासिकातून अशा विषयांवर मराठीत स्पष्ट लिहिलं आणि त्यापायी कोर्टकचेऱ्या सोसल्या. तरीही भिंतींवर गुप्तरोगाच्या जाहिराती अजून रंगतात, याचं मला दुःख होतं.

बाईचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटीमीटरचा आणि योनिमार्गाला खेटून. आतड्यातला ई-कोलाय हा जंतू तिथून सहज मूत्राशयात पोहोचतो. म्हणून उन्हाळी लागणं, थेंबथेंब जळजळत लघवी होणं हे बायकांच्या इतकं परिचयाचं. पण शेजारचा योनिमार्ग तिचं रक्षणही करतो. अंडाशयातून येणाऱ्या इस्ट्रोजेनमुळे तिथल्या पेशींत साखर साठते, त्यावर लॅक्टोबॅसिलस नावाचे जंतू जगतात आणि लॅक्टिक आम्ल तयार करतात. त्या आम्लात ई-कोलायचा जम बसत नाही. पाळी गेली की इस्ट्रोजेन आटतं, आम्ल कमी होतं, मूत्रमार्गाचं अस्तरही पातळ होतं, कारण तेही याच संप्रेरकावर पोसलेलं असतं. पंचावन्न-साठीच्या बाईला वारंवार उन्हाळी लागते, रात्री चारदा उठावं लागतं आणि ती दर वेळी नवी अँटिबायोटिक्स घेत राहते. १९९३मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा बायकांच्या एका गटाला योनिमार्गात लावायचं इस्ट्रोजेनचं मलम दिलं. त्यांना वर्षाला सरासरी ०.५ वेळा संसर्ग झाला, साधं मलम मिळालेल्यांना ५.९ वेळा. एवढा फरक क्वचितच कुठल्या औषधाचा दिसतो. तरी आपल्याकडे या मलमाचं नाव बायकांच्या कानावर फारसं जात नाही, कारण लघवीचा त्रास घेऊन गेलेल्या बाईला पाळीबद्दल विचारलंच जात नाही. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर डॉक्टरांशी आधी बोलावं लागतं, बाकी बहुतेकींना ते चालतं.

बाईच्या ओटीपोटात मूत्रवाहिनी आणि गर्भाशय किती जवळ आहेत, हे शस्त्रक्रियेच्या टेबलावर कळतं. गर्भाशयाला रक्त पुरवणारी धमनी गर्भाशयमुखापासून दीड-दोन सेंटीमीटरवर मूत्रवाहिनीच्या वरून जाते. वैद्यकीय विद्यार्थी हे 'पुलाखालचं पाणी' म्हणून पाठ करतात. गर्भपिशवी काढताना ही धमनी बांधावीच लागते आणि बांधताना खालची मूत्रवाहिनी धाग्यात सापडू शकते. ती दिसते एखाद्या शिरेसारखीच, फिकट पांढरी. म्हणून जाणता सर्जन चिमट्यानं तिला हलकेच टोचतो आणि वाट पाहतो. क्षणभरानं ती गांडुळासारखी आकसते आणि ती लाट खाली सरकत जाते. मूत्र पुढे ढकलण्याची तिची ती नेहमीची हालचाल. शीर असं करत नाही. ती लाट दिसली की सर्जनचा हात पुढे जातो.

गर्भपिशवी काढणं म्हणजे 'नको असलेला' अवयव काढून टाकणं, असं आपल्याकडे फार सहज बोललं जातं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या पिशव्या मोठ्या प्रमाणावर काढल्या गेल्याच्या तक्रारी २०१९मध्ये पुढे आल्या आणि राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. त्यांत अनेक जणी तरुण होत्या. फडावर संडास नाही, पाणी नाही, अंगावरून पांढरं जातं, ओटीपोट दुखतं, आणि इलाज म्हणून पिशवीच काढायची. गर्भाशय काढल्यावर पुढच्या वर्षांत खोकताना, ओझं उचलताना लघवी निसटण्याची शक्यता वाढते. सोबत अंडाशयही काढले, तर वर सांगितलेला इस्ट्रोजेनचा आधार ऐन तिशी-चाळिशीत नाहीसा होतो. ज्या बाईला उद्या पुन्हा डोक्यावर मोळी उचलायची आहे, तिला हे आधी सांगितलं गेलं होतं का, हा माझा प्रश्न आहे. अंग बाहेर येण्याच्या त्रासातही तेच : बाळंतपणांनी ओटीपोटाचा तळ सैल पडतो, गर्भाशय खाली उतरतं आणि त्याच्या पुढे टेकलेलं मूत्राशयही ओढलं जातं. तळाचे स्नायू आवळून धरण्याचा व्यायाम अर्नोल्ड केगेल यांनी १९४८मध्ये सुचवला. बाळंतिणीला तो शेक-शेगडीइतकाच आवर्जून शिकवावा.

मूत्राशय आणि योनिमार्गाच्या मधली भिंत काही मिलिमीटरची असते. मूल अडलं आणि दोन-तीन दिवस बाळाचं डोकं तिथे रुतून राहिलं, तर ती भिंत पुढच्या हाडावर दाबली जाऊन मरते, भोक पडतं आणि बाई चोवीस तास लघवीनं भिजत राहते. सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या हेनहेनित या इजिप्तमधल्या राजस्त्रीच्या ममीतही असं भोक सापडलं आहे. अमेरिकेतल्या मॅरियन सिम्सनं १८४०च्या दशकात ते शिवायची पद्धत बसवली, पण ती अनार्का, बेट्सी, ल्यूसी अशा गुलाम स्त्रियांवर भूल न देता पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया करून. त्यांची नावं घेतल्याशिवाय हा शोध सांगू नये. वेळेवर सिझेरियन मिळतं तिथे हा आजार जवळपास संपला आहे.

क्षयाचे जंतू तर दोन्ही व्यवस्थांमध्ये शिरतात. ते फुफ्फुसातून रक्तावाटे मूत्रपिंडात पोहोचतात, मूत्रासोबत खाली मूत्राशयात उतरतात, पुरुषात प्रोस्टेट आणि अधिवृषणातही घर करतात. बाईच्या बीजवाहिन्यांत ते रक्तावाटे येतात आणि त्या चिकटून बंद होतात. भारतात वंध्यत्वाच्या कारणांत याचा विचार करावाच लागतो. लघवीत पू आहे, पण नेहमीच्या कल्चरमध्ये कोणताच जंतू वाढत नाही, असा रिपोर्ट आला तर क्षयाची तपासणी मागावी.

प्रजननाची संप्रेरकं शेवटी मूत्रपिंडातूनच बाहेर पडतात. गरोदरपणाची पट्टी लघवीत बुडवतो ती त्यामुळेच. पाळी गेलेल्या बाईचा मेंदू अंडाशयाला जागं करण्याचा प्रयत्न सोडत नाही आणि ती संप्रेरकं भरपूर प्रमाणात लघवीत उतरतात. इटलीत पिएरो दोनिनी यांनी ती वेगळी काढली, पुढे वृद्ध जोगिणींच्या मठांमधून त्यासाठी लघवी गोळा केली गेली आणि ब्रूनो लुनेनफेल्ड यांच्या उपचारांनी १९६२मध्ये त्या औषधावरचं पहिलं मूल इस्रायलमध्ये जन्मलं. कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी १९७८मध्ये भारतातलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ जन्माला घातलं, तेव्हा हेच औषध वापरलं होतं.

मूत्रपिंड निकामी झालं की प्रजननही मंदावतं. मेंदूकडून अंडाशयाकडे आणि वृषणाकडे जाणारे इशारे बिघडतात. डायलिसिसवरच्या पुष्कळ बायकांची पाळी अनियमित होते किंवा थांबते, पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन उतरतं. नवं मूत्रपिंड बसवलं की हे परत सुरू होतं. ईडिथ हेल्म या अमेरिकन तरुणीला १९५६मध्ये बॉस्टनमध्ये जोसेफ मरे यांनी तिच्या जुळ्या बहिणीचं मूत्रपिंड बसवलं आणि १९५८मध्ये तिला मूल झालं. प्रत्यारोपणानंतरचं ते पहिलं बाळंतपण. नवं मूत्रपिंड कमरेत बसवत नाहीत, ओटीपोटात जांघेच्या वर बसवतात. गर्भात ते जिथे घडलं होतं, त्याच्या जवळच. तरीही वाढत्या गर्भाशयाची त्याला सहसा अडचण होत नाही आणि बाळंतपण नैसर्गिकही होऊ शकतं.

प्रत्यारोपणानंतर एक-दोन महिन्यांतच अंडं सुटायला लागू शकतं, पाळी परत दिसायच्या आधीसुद्धा. गरोदर राहण्याआधी किमान वर्षभर थांबायचा सल्ला देतात. मायकोफेनोलेटसारखं औषध गर्भाला घातक असल्यानं ते निदान सहा आठवडे आधी बदलावं लागतं. त्यामुळे मूत्रपिंड मिळालेल्या तरुण बाईला रुग्णालयातून घरी सोडतानाच गर्भनिरोधनाचं बोलणं झालेलं असलं पाहिजे आणि त्या बोलण्याला तिचा नवराही समोर बसलेला असावा.